शिराझ चाखलेला चांदीचा पेला

मी एक जुना चांदीचा पेला आहे, मित्रांनो. जुना म्हणालो म्हणून लगेच मोडीत काढायला निघू नका. झाशीच्या सदर बाजारातल्या सोनारानं मला एकसष्ट वर्षांपूर्वी घडवलं, आणि माझ्या अंगावर अजून एकही पोचा नाही. मधुसूदन आठ वर्षांचा होता, तेव्हा त्याच्या मुंजीत मामांनी मला त्याच्या हातात दिलं. मी त्याला इतक्या लहानपणापासून ओळखतो, म्हणून त्याला अरे-तुरे करतो.

त्या घरात पाणी वरून प्यायची रीत होती. पेला ओठांपासून चार बोटं वर धरायचा आणि धार सरळ घशात सोडायची. काठाला ओठ लावायचे नाहीत. मधुसूदन ते इतक्या सफाईनं करायचा की सदऱ्यावर थेंब पडत नसे. ताटं, वाट्या, चमचे सगळे रोज उष्टे व्हायचे, मी मात्र एकदाही झालो नाही. मला त्याचा भारी तोरा होता.

मधुसूदन रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरीला लागला, तेव्हा मीही त्याच्या पिशवीतून रोज स्टेशनवर जायचो. तो पोतं उघडायचा नाही. नुसता वास घेऊन सांगायचा, यात हिंग आहे, यात विड्यांचा तेंदूपत्ता आहे, या टोपलीतले आंबे उद्यापर्यंत टिकायचे नाहीत. "पंडितजी की नाक तो सरकारी मशीन है," असं हमाल म्हणायचे. मी टेबलावर उभा राहून ऐकायचो आणि फुगायचो. मग तो निवृत्त झाला. घरात स्टीलचे ग्लास आले आणि त्याच्या बायकोनं, प्रेमलानं, मला फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवून दिलं. तिथं नऊ वर्षं काढली मी. पार काळाठिक्कर पडलो. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात मला बाहेर काढलं ते अनुयामुळे. अनुया ही मधुसूदनची एकुलती एक मुलगी. ती ऑस्ट्रेलियात, अॅडलेडजवळच्या एका द्राक्षमळ्यात वाइन बनवते. पण घराजवळच्या सीपरी बाजारात कुणी विचारलं की मधुसूदन सांगायचा, "ज्यूसच्या फॅक्टरीत आहे." सहा वर्षं तो हेच सांगत आला. अनुयाला ते ठाऊक होतं. या वेळी ती एक बाटली घेऊन आली. शिराझ नावाच्या काळ्या द्राक्षांची तांबडी वाइन, तिनं स्वतः तयार केलेली पहिली.

"नाही आवडली तरी चालेल, आई," ती प्रेमलाला म्हणाली, "पण बाबांनी एकदा चाखायला हवी."

चार दिवस मधुसूदननं बाटलीकडे ढुंकून पाहिलं नाही. पाचव्या दिवशी जेवण झाल्यावर म्हणाला, "आण. आधी पडदा ओढ."

अनुयानं आणलेले काचेचे नाजूक ग्लास दिल्लीहून येताना गाडीतच फुटले होते. प्रेमला म्हणाली, "पाण्याच्या स्टीलच्या ग्लासातून ते ही प्यायचे नाहीत. त्यांचाच पेला काढते." तिनं मला दंतमंजनानं लख्ख घासलं.

"हिला बूच नाही? खोकल्याच्या औषधासारखं झाकण आहे," मधुसूदन कुरकुरला.

"आमच्याकडे असंच असतं, बाबा."

वाइन माझ्यात उतरली. इतकी गर्द, इतकी जांभळट, की माझा तळ दिसेनासा झाला. मधुसूदननं मला उचललं आणि जन्माच्या सवयीनं चार बोटं वर धरलं. धार गेली थेट घशात. असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं.

"आंबट औषध आहे. झालं समाधान?"

अनुयाचा चेहरा उतरला. ती बाटलीला झाकण लावू लागली आणि मध्येच थांबली. "बाबा, वास न घेता तुम्ही कधी पार्सल पास केलंत?"

त्यानं मला पुन्हा जवळ ओढलं.

"आधी वास घ्या. मग काठाला ओठ लावा आणि घोट तोंडात धरा. लगेच गिळू नका."

"ओठ लावू?"

"हो."

मला मनातून नको होतं. साठ वर्षांचं माझं सोवळं जाणार होतं. पण मधुसूदननं नाक माझ्यात घातलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. मग माझ्या काठाला त्याचे ओठ लागले.

"जांभूळ," तो हळूच म्हणाला. "पिकून फुटलेलं. काळी मिरी आहे. आणि नवं लाकूड. सागवान नव्हे."

"ओक, बाबा. ओकच्या पिंपात होती."

त्यानं दुसरा घोट घेतला. "पातळ ताकासारखी नाही ही, तोंड भरून टाकते. गिळली तरी रेंगाळते. पण बेटा, बाटलीत भरायची घाई झाली. मिरी आणि लाकूड वेगवेगळे लागतात, लोणचं मुरायच्या आधी उघडल्यासारखं."

अनुयाला रडूच फुटलं. "मालकाला मी हेच सांगत होते. अजून चार महिने पिंपात राहू दे म्हटलं. तिथं कुणालाच पटलं नाही."

मधुसूदननं मला खाली ठेवलं. "नाक माझं घेतलंस तू," तो म्हणाला.

तेवढ्यात दारातून शेजारचे दामोदर आत आले. "मधुसूदनजी, ही बोतल कसली?" प्रेमला बाटलीवर पदर घालायला धावली. मधुसूदननं तिचा हात धरला.

"वाइन आहे. माझ्या मुलीनं बनवलेली. ज्यूस मी उगाच सांगत होतो." त्यानं दामोदरांना खुर्ची दिली. "बसा. अनुया, हिच्यात काय काय आहे ते यांना नीट सांग."

ती सांगत होती, आणि मधुसूदन मान ताठ करून ऐकत होता.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. वाइनशी तुमचं काही देणंघेणं नाही. माझं मागणं साधं आहे. कपाटातली जुनी भांडी अधूनमधून घासा, वापरा. आम्ही वाट पाहून काळे पडतो. आणि घरातल्या कुणी आपल्या हातानं केलेलं काही तुमच्यापुढे धरलं, तर ते वरच्यावर गिळून टाकू नका. मी आता स्वयंपाकघराच्या फळीवर असतो. उष्टा आहे, आणि त्या फळीवर माझ्याइतकं ताठ कुणी उभं नाही.