दोघींपैकी एकीचा वर्ग

दातांची डॉक्टरीण कोट शिवून घ्यायला आजींच्या दुकानाची पायरी चढली, तेव्हाच आजींच्या मनात पाल चुकचुकली. जी बाई साधा हातरुमालसुद्धा मोठ्या दुकानातून काचेच्या आडचा आणते, तिला कोपऱ्यावरच्या शिवणवालीचा एवढा पुळका कशाला यावा? बरं, नाकानं कांदे सोलत आली असती तर समजण्यासारखं होतं. ही आली हसत.

"आजी, तुमच्या हातची फिटिंग दुसरीकडे मिळते का कुठे?"

"आजवर मिळत होती ना," आजी म्हणाल्या. "हात वर करा."

आजींनी छातीचं माप घेतलं, पाठीचं घेतलं, बाहीचं घेतलं, आणि बाईच्या तोंडाकडे पाहत बसल्या. गिऱ्हाईक मापाला उभं असतं तेव्हा साधारण पोट आत ओढतं. डॉक्टरीणबाईंनी पोट ओढलं नव्हतं. म्हणजे लक्ष कोटाकडे नव्हतंच.

मग निघालं पोटातलं. शाळेतल्या हुशार मुलांच्या खास वर्गासाठी जी पालक समिती झाली होती, तिच्या या डॉक्टरीणबाई अध्यक्ष. शाळा चालवणाऱ्या मंडळानं यंदा पैसे नाहीत म्हणून खास वर्ग बंद करायचं घाटलं होतं. त्यावर सगळ्या पालकांसमोर सभा व्हायची होती, आणि त्या सभेत आजींनी बोलायचं होतं.

"मी?" आजी म्हणाल्या. "सही करताना माझी जीभ बाहेर येते. मी काय बोलणार?"

"तुमच्याच शब्दाला वजन आहे, आजी. तुमच्या घरात दोन्ही वर्गांतली मुलं आहेत."

हे खरंच होतं. आजींना दोन नाती. धाकटी खास वर्गात. मोठी, वाचनात मागे पडणाऱ्या मुलांच्या मदतीच्या वर्गात.

धाकटीचं आधी साध्या वर्गात असं होतं की बाईंनी गणित फळ्यावर लिहून होईपर्यंत हिचं उत्तर तयार. मग उरलेला तास बाकावर डोकं ठेवून खिडकीतून बघायचं. बाई म्हणायच्या आगाऊ आहे, मुली म्हणायच्या शहाणी आली. शेवटी पोरीनं मुद्दाम उत्तरं चुकवायला सुरुवात केली. थोडं चुकलं की कुणी चिडवत नाही, हे तिनं मोठीला गुपित म्हणून सांगितलं, आणि मोठीच्या पोटात तीळ भिजत नाही. ते ऐकून आजी रात्री जेवल्या नव्हत्या. पोर मठ्ठ असली तर समजतं. पण असलेली अक्कल लपवायला शिकली, तर पुढं ती अक्कल सापडायची कुठे? खास वर्गात गेल्यापासून मात्र धाकटी शाळेतून पळत यायची आणि जेवताना असे प्रश्न विचारायची की बापाचा घास हातात राहायचा.

मोठीची तऱ्हा वेगळी. अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागेवर बसतच नाहीत. मदतीच्या वर्गातल्या बाई शेजारी बसतात, ओळीखाली पट्टी धरतात, आणि पोर वाचते. सावकाश वाचते, पण वाचते. आजींना तर सावकाशही येत नाही.

"बघू," आजी डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "ट्रायलला या."

संध्याकाळी त्यांनी सुनेला सांगितलं. सून औषधाच्या दुकानात काउंटरला उभी असते. घरी आल्यावर बसायचं सोडून पुन्हा उभीच, भांड्यांपाशी.

"अगं, ती दातवाली मला भाषण करायला सांगते. पाणी कुठंतरी मुरतंय."

"तुम्हाला सगळीकडेच पाणी मुरताना दिसतं, आई. नळ गळत असेल."

"नळ गळत नाहीये. आणि ते पातेलं तू मघाशीच घासलंस."

सुनेनं पातेलं पालथं घातलं. बोलणारी सून गप्प बसली की आजींचे कान टवकारतात. पण त्यांना वाटलं, दमली असेल.

आता आजींची एक पद्धत होती. कुणाकडून काही काढून घ्यायचं असलं की त्याला ट्रायलला बोलवायचं, स्टुलावर चढवायचं, कच्चा शिवलेला कोट अंगावर घालायचा आणि चहूबाजूंनी टाचण्या लावायच्या. टाचण्यांत उभा असलेला माणूस पळू शकत नाही, हातवारे करू शकत नाही, आणि खोटं बोलायला लागला की हलतो. हलला की टोचतं. आजींनी या पद्धतीनं गल्लीतली दोन लग्नं मोडली होती आणि एक जुळवलं होतं.

ठरल्या दिवशी डॉक्टरीण स्टुलावर चढली. आजींनी ओठांत टाचण्या धरल्या आणि खांद्यापासून सुरुवात केली.

"सभेत नेमकं काय बोलू मी?"

"हेच, की खास वर्ग मुलांना किती गरजेचा आहे."

"आणि मदतीचा?"

"तो वेगळा विषय आहे, आजी. आई गं!"

"म्हटलं होतं, हलू नका." आजींनी बगलेतली टाचणी सरळ केली. "वेगळा कसा? माझी मोठी तिथंच बसते."

डॉक्टरीणबाईंनी आरशात पाहिलं. आरशात आजीच होत्या. बाजूला पाहावं तर टाचण्या.

"हे बघा, कुणाला सांगू नका," त्या हळूच म्हणाल्या. "मंडळाचे साहेब माझ्याकडे दाढ भरायला आले होते. तेव्हा ते म्हणाले, निधी एकाच वर्गापुरता आहे. दोनांतला एकच वाचेल. कुठला, ते पालकांनीच येऊन सांगितलं तर मंडळ मोकळं."

"तोंडात कापूस असताना म्हणाले?"

"तेव्हाच तर माणूस खरं बोलतो. माझ्या खुर्चीत कुणी खोटं बोलत नाही, आजी. इतक्या वर्षांचा अनुभव आहे."

हे आजींना पटलं. स्टुलावरचा माणूस आणि खुर्चीतला माणूस, दोन्ही सारखेच.

"म्हणजे मदतीचा वर्ग बंद करा, असं मी म्हणायचं. माझ्या तोंडानं."

"आम्ही कुणी म्हटलं तर आपमतलबी ठरू. तुम्ही म्हणालात तर… तुमची एक नात तिथंही आहे. तुम्हाला कोण काय म्हणणार?"

"मोठं डोकं लावलंत, डॉक्टरीणबाई! कुणाचं म्हणायचं हे? तुमचंच?"

आजींनी कॉलरपाशी एक टाचणी उगीचच टेकवून धरली.

"नाही हो. मला तर तुम्ही कधी भेटलाही नव्हतात." तिनं श्वास रोखून धरला होता. "तुमच्या सुनेनंच सुचवलं, समितीच्या बैठकीत."

आजींनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या. कोट उतरवून घेतला तो इतक्या अलगद, की डॉक्टरीणबाईंना एकही टोचली नाही. त्यावरून गल्लीतल्या कुणीही ओळखलं असतं की आजी भयंकर चिडल्या आहेत.

सून कामावरून आली तशी आजींनी दार लावून घेतलं.

"घरभेदी!"

"कळलं वाटतं," सून म्हणाली आणि पर्स खुंटीला अडकवली.

"पोटची पोर आहे ती तुझी! शेजारणीसुद्धा एवढं करत नाहीत."

"दोघी पोटच्या आहेत." सुनेचा आवाज चढला नाही, हेच आजींना जास्त लागलं. "एकच वर्ग राहणार, आई. मी रडून, ओरडून, उपाशी राहून दोन होणार आहेत का? मग बसून विचार केला. मोठीला मी घरी शिकवीन. तिच्या बाई काय करतात ते बघून आलेय, पट्टी धरायला मला येतं. पण धाकटीला काय शिकवू? तिचे प्रश्नच मला कळत नाहीत. काल विचारत होती, सगळ्यात मोठा आकडा कुठला. मी म्हटलं, झोप."

आजी काहीतरी जहाल बोलायला गेल्या, आणि तोंडातून साधा प्रश्नच निघाला. सासू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

"आणि मला का पुढं केलंस?"

"मला नसतं जमलं उभं राहून म्हणायला." सुनेनं पदर डोळ्यांना लावला नाही, उगीच सरळ केला. "तुम्हाला जमतं. तुम्ही कुणालाही काहीही म्हणता."

शिवी म्हणावी तर कौतुक होतं, कौतुक म्हणावं तर शिवी. आजींनी त्यावर सभेपर्यंत विचार केला. सून म्हणते ते चूक म्हणावं, तर धाकटी पुन्हा बाकावर डोकं ठेवणार. बरोबर म्हणावं, तर मोठीच्या डोळ्यांत बघायचं कसं?

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. पुढं खास वर्गाचे पालक, इस्त्रीच्या कपड्यांत. डॉक्टरीणबाईंच्या अंगावर जुनाच कोट होता, कारण नवा आजींनी पुरा केलाच नव्हता. मागच्या रांगांत मदतीच्या वर्गाचे पालक. त्यांचा म्होरक्या बाजारातला केशकर्तनालयवाला. सगळे त्याला कात्रीवाला म्हणत. आजी आत शिरल्या तशी मागची कुजबुज एकदम बंद पडली. कात्रीवाल्यानं हातातला कागद खिशात कोंबला.

'यांचंही काहीतरी शिजतंय,' आजींच्या मनात आलं.

व्यासपीठावर मंडळाचे साहेब, शेजारी त्यांचा कारकून. साहेबांचा चेहरा असा प्रसन्न, जणू लग्नाला आलेत आणि जेवण आधीच झालंय.

डॉक्टरीणबाईंनी आजींचं नाव पुकारलं. आजी उठल्या. सून शेजारी बसली होती. तिनं मांडीवरचे हात घट्ट आवळले.

"मला भाषण येत नाही," आजी म्हणाल्या, "म्हणून मी जे आहे ते सांगते. मला इथं एका वर्गाला मूठमाती द्यायला उभं केलंय. म्हणे मदतीचा वर्ग बंद करा, म्हणजे खास वर्ग वाचेल. माझी एक नात इकडे, एक तिकडे. दोघी एका पांघरुणात झोपतात. ते मी मधोमध फाडू? मी हे म्हणणार नाही. कुणाला म्हणायचं असेल त्यानं स्वतःचं तोंड वापरावं."

मागं एकच गलका झाला. "म्हणजे आमच्या पोरांवर सुरी होती!" कुणीतरी ओरडलं. पुढचे लोक आजींकडे असे बघायला लागले, जणू त्यांनीच वर्गाला कुलूप ठोकलं. डॉक्टरीण खाली मान घालून बसली.

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "शांत व्हा! पालकांतच एकमत नाही, मग मंडळानं काय करायचं? दोन्ही वर्ग यंदापुरते थांबवू. पुढं बघू." आणि कारकुनाकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या."

कारकून जागचा हलला नाही. लिहायचं ते त्याच्यापुढं लिहिलेलंच असावं, असं आजींना वाटलं.

सुनेच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. आजींनी कपाळावर हात मारला. आपण एकीचा वर्ग वाचवायला गेलो आणि दोघींचा घालवला! पण साहेबांचा तो प्रसन्न चेहरा त्यांना टोचत होता. रागावलेल्या सभेसमोर एवढं समाधान? आजींनी आयुष्यभर गिऱ्हाइकांची तोंडं बघितली होती. मनासारखी वस्तू फुकटात मिळालेल्याचं तोंड असं असतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "हे आत्ता सुचलं, की घरून करून आणलंत?"

"काय बोलताय आजी!"

"आणि तुम्ही हो, कात्रीवाले! मी आले तेव्हा काय लपवलंत? तुमच्या खिशातही माझ्यासारखंच भाषण आहे का?"

कात्रीवाला लाल झाला. आधी इकडेतिकडे पाहिलं, मग उठला. "आता लपवून काय करू? साहेब माझ्याकडे केस कापायला आले होते. म्हणाले, पैसे एकाच वर्गापुरते आहेत. हुशार पोरं काय, कुठंही शिकतात. तुम्हीच सभेत मागा की खास वर्ग बंद करा, म्हणजे तुमचा वाचेल. आमच्या खुर्चीत बसलेला माणूस खोटं बोलत नाही हो. मान आमच्या हातात असते."

डॉक्टरीण ताडकन उठली. "मला तर म्हणाले खास वर्ग वाचेल! माझ्या खुर्चीत! कापूस तोंडात असताना!"

हॉलमध्ये क्षणभर कुणी हसावं की चिडावं हेच कळेना. मग मागून कुणीतरी विचारलं, "आणखी कुणाकडे गेले होते? चांभाराकडे?" आणि हशा उठला, पण तो चांगला हशा नव्हता.

साहेब म्हणाले, खाजगीत माणूस दोन शब्द बोलतो, त्याचा असा अर्थ काढू नये. म्हणाले, सभा संपली. कागद गोळा केले. उठले.

"बसा," असा आवाज आला, आणि आजींनी चमकून शेजारी पाहिलं. सून उभी होती. आवाज काउंटरवरचा होता, चुकीची चिठ्ठी आणणाऱ्याला परत पाठवणारा.

"मला दोन मुली आहेत, साहेब. तुम्ही एकच वर्ग वाचेल म्हणालात, म्हणून मी घरात बसून एक मुलगी निवडली. आई असून निवडली. ते खोटं होतं का खरं, एवढं सांगा. निधी किती होता, कुठं गेला, पहिल्यापासून सांगा. समजलं नाही तर पुन्हा विचारीन."

पुढची रांग उठली नाही. मागची रांग उठली, पण दाराकडे न जाता पुढं आली आणि रिकाम्या खुर्च्यांवर, जमिनीवर, मिळेल तिथं बसली. साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं पेनाचं टोपण उघडून कोरं पान काढलं आणि तोही वाट बघत बसला. साहेब हळूच खाली बसले.

आजींनी सुनेचा हात ओढून तिला जवळ घेतलं. "घरभेदी," त्या पुटपुटल्या, पण या वेळी सून नाकानं हसली.

साहेब घसा खाकरून बोलायला लागले. आजी ऐकत होत्या, पण एका कानानं. पुढच्या रांगेत डॉक्टरीण आणि कात्रीवाला शेजारी सरकले होते आणि डोक्याला डोकं लावून हळू आवाजात काहीतरी ठरवत होते. मघापर्यंत एकमेकांच्या पोरांचे वर्ग बुडवायला निघालेली माणसं!

आजींनी आपली खुर्ची उचलली आणि नेऊन बरोबर त्या दोघांच्या पाठीमागे ठेवली.