नाव घ्या

"तातेराव, हातगाडी दारात उभी हाय. अजून काय चाळून राह्यले?" वाचनालयाचे सेक्रेटरी साहेबराव खोलीच्या दारातूनच ओरडले.

"हा शेवटचा गठ्ठा, साहेब."

"सहा महिन्यांपासून शेवटचाच हाय तो. चार वाजता इथं कॅरमबोर्ड मांडायचेत."

तातेराव मान खाली घालून पानं उलटत राहिले. जुन्या जालन्यातल्या एका कापड दुकानदाराने ग्रामोफोन रेकॉर्डींची जुनी मासिकं वाचनालयाला दिली होती. नव्या तबकड्यांच्या याद्या, गायिकांचे फोटो, गाण्यांचे बोल. वीस वर्षं त्यांना कुणी हात लावला नव्हता. तातेरावांनी ती लावून घेतली, प्रत्येक गाणाऱ्याच्या नावाचं कार्ड केलं, कार्डावर गठ्ठ्याचा नंबर आणि महिना लिहिला. नोकरी क्लार्कची आणि नाद हा असला! सत्याहत्तर सालच्या कमिटीला मात्र त्यात रद्दीच दिसली.

पायरीवर आसराबाई बसली होती. जाफराबादची, धनगराची, साठीला टेकलेली. महिन्याभरात चौथ्यांदा एस.टी.ने आली होती. लग्नानंतर वर्षभरातच औरंगाबादला रेकॉर्डवाल्यांच्या मशीनपुढे आपण जात्यावरच्या ओव्या गायलो, असं ती सांगायची. तबकडी कधीच फुटली, नवराही गेला. आता सुना तोंडावर हसत होत्या आणि मुलगा म्हणत होता, म्हातारी चळली. छापलेलं नाव एकदा त्याच्या पुढ्यात ठेवायचं, एवढंच तिला हवं होतं.

कार्डांच्या कपाटातला 'आ'चा खण तातेरावांनी तीनदा उपसला होता. शेवटचा गठ्ठाही संपला.

"न्हाई, मावशी. दुसरं कोणतं नाव सांगितलं व्हतं का तुम्ही?"

"म्या कशाला सांगू? गाणं सरलं अन् त्यो साहेब म्हणला, आता नाव घ्या. मंग घेतलं की."

बाहेर गठ्ठे गाडीवर आदळत होते. तातेरावांचा हात थबकला. त्या काळी गाणं संपलं की गाणारी तबकडीतच आपलं नाव सांगायची आणि कंपनीवाले ऐकलेलं तेच नाव छापायचे. पण नव्या नवरीला कुणी 'नाव घ्या' म्हटलं, तर ती बिचारी दुसरं काय करणार?

"कोणाचं घेतलं, मावशी?"

"कोणाचं म्हंजे? मालकाचं." म्हातारी त्या वयातही लाजली. "चांगला उखाणा घेतला."

"काय नाव त्यांचं?"

आसराबाईने मान फिरवली.

"गाडी निघाली, मावशी! जल्दी सांगा!"

"न्हाई, दादा. ह्या तोंडानं एकदाच घेतलं, मशीनपुढं. आता कोणासाठी घेऊ?" तिचे डोळे भरून आले. "आमच्या देवाचं नाव हाय."

धनगरांचा देव. बिरोबा! तातेरावांनी 'ब'चा खण खस्सकन ओढला. कार्ड होतं. त्यांच्याच अक्षरातलं, चार महिन्यांपूर्वीचं: मिस बिरूबाई. ओव्या. गठ्ठा सात, मार्च १९३६.

चपला न घालताच ते धावले. गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. सातवा गठ्ठा नेमका सगळ्यांच्या खाली. हातगाडीवाला शिव्या देत राहिला, मागून साहेबराव ओरडत आले, तातेरावांनी सुतळी दातांनी तोडली.

"एवढा एक अंक ऱ्हाऊ द्या, साहेब. बाकीचं जाऊ द्या."

बाकीचं म्हणजे सहा महिन्यांची मेहनत. साहेबरावांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडीवाल्याला जायची खूण केली. तातेरावांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. कपाटात बाराशे कार्डं आणि दाखवायला अंक एकच.

परत येऊन त्यांनी कोरं कार्ड घेतलं: आसराबाई, जाफराबाद. पाहा: बिरूबाई.

"जुन्या कार्डावरचं नाव खोडून तुमचं टाकू का, मावशी?"

"खोडू नका. दोन्ही असू द्या."

"हा अंक घेऊन जा. मुलाला दाखवा."

"आधी मला तर वाचून दाखवा."

तातेरावांनी छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "मिस बिरूबाई, जाफराबाद."

मालकच दारात आल्यासारखा आसराबाईने घाईघाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ती पायरीवरून उठून उभी राहिली.