पट्ट्याचे कोरडे टोक

“मृत कामगाराने, मिळालेल्या प्रशिक्षणाकडे व मालकाच्या स्पष्ट सूचनांकडे दुर्लक्ष करून, ओढायचा पट्टा मालकाच्या गाडीच्या गोळ्यात स्वतःच्या मर्जीने अडकवला. अन्य कोणाचाही हलगर्जीपणा आढळून येत नाही.”

कामगार-सुरक्षा खात्याच्या त्रेसष्ट पानी अहवालाचा हा निष्कर्ष. मृत कामगार म्हणजे ओरॅन कीव्हनी, वय सव्वीस, आयर्लंडमधल्या लीट्रिमचा ट्रॅक्टर-मेकॅनिक. मालक म्हणजे लायल प्रेंटिस, वय अठ्ठावन्न, ऑस्ट्रेलियातल्या आमच्या गुनयारा गावाबाहेरच्या नऊशे एकर खरबुजांचा धनी. गोळा म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडण्यासाठी असतो तो लोखंडी गोळा, मुठीएवढा. हा अहवाल लीट्रिमला पोचला त्या दिवशी ओरॅनचे वडील फर्गल कीव्हनी यांनी आपल्या गॅरेजचे शटर खाली ओढले आणि ते पुन्हा उघडले नाही. अडकलेली गाडी कशी ओढायची हे मुलाला त्यांनीच शिकवले होते. नीट शिकवले नाही, असे आता सरकार म्हणत होते.

वाक्य छोटे आहे. त्यात तीन असत्ये मावली आहेत, आणि लेखनकौशल्य म्हणून ही काटकसर वाखाणण्याजोगी आहे.

प्रशिक्षणाचा पुरावा म्हणून ओरॅनच्या सहीचा एक फॉर्म जोडला आहे. तारीख चार मार्च. चार मार्चला ओरॅन आणि त्याची मैत्रीण डर्व्हला टिअरनन हे गुनयारापासून अडीच हजार किलोमीटर दूर, दक्षिण किनाऱ्याच्या कड्यांवर होते. डर्व्हलाने त्या दिवशी काढलेल्या फोटोत ओरॅन डबाबंद बीन्स स्क्रूड्रायव्हरने खातो आहे, कारण चमचे मागच्याच मुक्कामावर राहिले होते. ‘स्पष्ट सूचनां’चा एकमेव साक्षीदार लायल प्रेंटिस. ज्याच्या सुटकेसाठी साक्ष हवी त्याचीच साक्ष प्रमाण मानू नये, हे मी एकतीस वर्षे इतिहासाच्या पहिल्या तासाला शिकवत आले. खात्याचे अधिकारी बहुधा त्या दिवशी गैरहजर असावेत. राहिली मर्जी. त्या शेतावर मर्जी नावाची वस्तू कोणाकडे होती, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

ती दोघे नऊ महिने एका जुन्या पांढऱ्या व्हॅनमधून हा देश फिरत होती. पर्थला तिने बारमध्ये ग्लास धुतले, ब्रूमला त्याने मोती काढणाऱ्या होड्यांची इंजिने दुरुस्त केली. पैसे संपले की थांबायचे, जमले की निघायचे. टास्मानिया राहिले होते. ते डर्व्हलाला पाहायचे होते, आणि त्यासाठी व्हिसाचे दुसरे वर्ष हवे होते. दुसऱ्या वर्षाची अट सर्वांना ठाऊक आहे: आडगावात अठ्ठ्याऐंशी दिवस शेतमजुरी, आणि ती केली असे सांगणारी मालकाची सही. गुलामाला बांधायला रोमनांना लोखंड लागे. आपण प्रगती केली. आपल्याला बॉलपेन पुरते.

चौथ्या दिवशी लायलने ओरॅनचे नाक फोडले.

“ए बटाट्या, हे काय तोडलंस?” आयरिश माणसाला हिणवायला तो हीच हाक मारी.

“खरबूज, बॉस.”

“कच्चं आहे.”

“कालच तर म्हणालात, देठ सुटायची वाट बघू नको.”

लायलने ते खरबूज उचलले आणि तीन पावलांवरून त्याच्या तोंडावर फेकले, खांद्यातून, क्रिकेटचा चेंडू फेकावा तसे. हाड मोडल्याचा आवाज ट्रॅक्टरच्या आवाजातही ऐकू आला, असे डर्व्हला सांगते. ओरॅन गुडघ्यांवर पडला. वेलींच्या पानांवर रक्ताचे थेंब पडले आणि लायल त्या पानांवरून चालत पुढच्या ओळीला गेला.

दुपारी व्हॅनच्या दारात बसून डर्व्हला त्याच्या नाकपुड्यांत कापूस कोंबत होती.

“आरशात बघितलंस का?” ती म्हणाली.

“बघितलं. अगदी ऑस्ट्रेलियाचा नकाशा झालाय. खाली टपकतंय ना, ते टास्मानिया.”

“हसवू नकोस, कापूस उडतोय. निघू या का आपण?”

“कुठे? दुसरीकडे जाऊन पहिल्यापासून मोजायचं? गप बस, बाई. चार झाले.”

बावन्नाव्या दिवशी रानडुक्कर. पिकात डुक्कर शिरले की आमच्याकडे कुत्री सोडतात. कुत्री कान धरून ठेवतात, एक माणूस मागचे पाय उचलतो, दुसरा सुरी मारतो. जाणता माणूस एकाच घावात संपवतो. लायल जाणता होता, म्हणून त्याने एकाच घावात संपवले नाही. ओरॅनने पाय धरले होते, आणि लायलने सुरी थोडी घातली, काढली, पुन्हा थोडी घातली, त्याच्याकडे बघत. डुकराने उसळी मारून एका कुत्रीचे पोट सुळ्याने उभे फाडले. आतडी ओढत ती लायलकडेच गेली. त्याने तिच्या मानेवर बूट ठेवला, गाडीतून मोठा पाना काढला आणि तिच्या डोक्यात चार वेळा घातला. तिसऱ्यानंतर गरज नव्हती.

“कामातून गेलं की असं,” तो ओरॅनला म्हणाला. “शिकून घे, बटाट्या. फुकट शिकवतोय.”

त्या संध्याकाळी डर्व्हलाने बॅग भरली होती. ओरॅन म्हणाला, “छत्तीस राहिले. छत्तीस दिवस कोणीही दात आवळून काढतो.” तिने बॅग रिकामी केली. आजही ती मला विचारते, कपडे घड्या घालून परत ठेवायला किती वेळ लागला असेल. तेवढ्यात आपण मुख्य रस्त्याला लागलो असतो का. मी चहा ठेवते. तेवढ्यात ती दोघे लागली असती.

साठाव्या दिवशी भरलेल्या दिवसांची नोंद दाखवा, म्हणून ती लायलच्या गाडीच्या दाराला हात लावून उभी राहिली. त्याने दार ओढून घेतले. उजव्या हाताची दोन बोटे मोडली. काच खाली करून तो म्हणाला, “आता मोज बोटांवर.” नंतर काच वर केली. बोटे दारातून सोडवण्यासाठी दार पुन्हा उघडावे लागते. ते त्याने सावकाश उघडले.

एक्क्याऐंशीव्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास पाटाचा बांध फुटून तळाच्या तुकड्यात पाणी शिरले. इथली जमीन काळी आहे. कोरडी असते तेव्हा तिच्यात भेगा पडून मनगट जाते, आणि भिजली की ती चाक गिळते. लायलने पाइपांनी भरलेली गाडी त्याच तुकड्यातून न्यायला ओरॅनला सांगितले. ओरॅन म्हणाला, रुतेल. लायल म्हणाला, मग रुतू दे. ती रुतली, आसापर्यंत. ओरॅनने तासभर हातांनी आणि फावड्याने चाके मोकळी केली, आणि गाडीखाली आडवा होऊन, कोपरांपर्यंत चिखलात हात घालून, पट्ट्याचे एक टोक पुढच्या दांडीला बांधले. लायलने आपली मोठी गाडी पुढे, कोरड्या बांधावर, पाठ करून लावली होती. पट्ट्याचे दुसरे टोक त्याच्या हातात होते. डर्व्हला बांधावर फावडे घेऊन उभी होती, पंधरा पावलांवर.

हा पट्टा रबरासारखा ताणला जातो. ताणला की ओढतो, आणि पलीकडचे काही तुटले तर ते तुटलेले घेऊन परत येतो.

“बॉस, गोळ्याला नको,” ओरॅन चिखलातून म्हणाला. “सांगाड्याला कडी आहे ना, तिला लावा. गोळा तुटला तर तोफेसारखा येतो.”

“कोणी शिकवलं? आईने?”

“बापाने. खरंच सांगतो, गोळ्याला नको. मी येतो वर, लावतो कडीला.”

“तिथेच थांब. माझी गाडी माखवायची नाही. अठ्ठ्याऐंशी हवेत ना? मग बस आत आणि स्टिअरिंग सरळ धर. नाहीतर जा बापाकडे, त्याची सही घे.”

 ओरॅन डर्व्हलाकडे वळून म्हणाला, “तू लांब हो. अजून. डर्व्हला, अजून मागे जा गं.” ती मागे गेली. तो आत बसला. खात्याला जी मर्जी सापडली ती ही.

पहिल्या हिसक्याला गाडी हलली आणि परत बसली. दुसऱ्यालाही. ओरॅनने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, थांबा, अजून खणतो, असा. लायलने गाडी मागे घेतली, इतकी मागे की पट्टा साऱ्या लांबीने जमिनीवर लोळत पडला, आणि मग पाय पूर्ण दाबून सुटला. पट्टा ताणला गेला. गोळ्याची मान तुटली. डर्व्हलाने काही येताना पाहिले नाही. तिने फक्त समोरची काच पांढरी झालेली आणि तिच्या मधोमध काळे भोक पाहिले, आणि आवाज नंतर ऐकला.

दार चिखलामुळे उघडेना. तिने मोडक्या बोटांनी ते उघडले. जिथे चेहरा होता तिथे पट्ट्याचे टोक होते, कवटीच्या मागच्या हाडापर्यंत आत गेलेले, आणि त्याच्या फासात गोळा. हात अजून स्टिअरिंगवर होते. स्टिअरिंग सरळ होते.

लायल बांधावरून म्हणाला, “सांगितलं होतं मी त्याला.”

तिथून पुढे ते वाक्य सरकारी झाले.

आता अहवालाच्या परिशिष्टातले सतरा क्रमांकाचे छायाचित्र पाहावे. गोळा, आणि त्याभोवती पट्ट्याचा फास. फासावर रक्त आहे, हाडाचे कण आहेत, काचेचा चुरा आहे. काळ्या मातीचा एक डागही नाही. त्याच परिशिष्टात शवविच्छेदनाचा अहवाल आहे, आणि त्यात लिहिले आहे की मृताचे दोन्ही हात कोपरांपर्यंत काळ्या चिखलाने माखलेले होते. ही माती ब्रशने घासली तरी नखांतून दोन दिवस जात नाही. चिखलाच्या हातांनी त्याने तो फास अडकवला आणि फास कोरडा, स्वच्छ राहिला, यावर सरकारी अधिकाऱ्याचा विश्वास बसला. आपल्या निष्कर्षाचे खंडन खात्याने स्वतःच त्याला जोडले, वर पानाचा क्रमांकही घातला. जुन्या इंग्लिश कायद्यात माणूस ज्या गाडीखाली चिरडे ती गाडीच अपराधी ठरवून जप्त करीत. आपण त्याला अडाणीपणा म्हणतो. त्या अडाण्यांनी निदान मेलेल्या माणसाला अपराधी ठरवले नव्हते.

चौदा महिन्यांनी कोरोनरपुढे, म्हणजे अपघाती मृत्यूंचे कारण ठरवणाऱ्या न्यायाधिकाऱ्यापुढे, चौकशी उभी राहिली. तोवर डर्व्हला माझ्या घरी, मागच्या खोलीत राहत होती. दोन बोटे वाकडीच जुळली. लायल इस्त्रीच्या शर्टात साक्षीला आला आणि पहिल्याच प्रश्नाला म्हणाला की स्वतःला गोत्यात आणणारे उत्तर तो देणार नाही. तसा त्याला हक्क आहे. कोरोनर त्याला बोलायला भाग पाडू शकतात, पण मग त्याचे शब्द, आणि त्या शब्दांमुळे पुढे सापडेल ते सारे, त्याच्याविरुद्ध कधीही वापरता येत नाही. सत्य मिळते, ते निरुपयोगी करून. कोरोनरनी कुटुंबाचे म्हणणे विचारले. लीट्रिमहून ओरॅनच्या आईने फोनवर एवढेच सांगितले की डर्व्हला ठरवेल.

बाहेरच्या व्हरांड्यात वकीलबाई रेनी ऑल्सॉप यांनी तिला समजावले.

“बोलला तर त्याला काही होणार नाही?” डर्व्हलाने विचारले.

“या बोलण्यावरून नाही. तुरुंगाचं दार जवळपास बंदच होईल. खोटं सांगत नाही तुला.”

“आणि गप्प राहिला तर?”

“पोलिसांच्या मते फोटो पुरेसा नाही. कदाचित कधी काही नवीन सापडेल. कदाचित नाही. तोवर अहवालातलं वाक्य राहील.”

“म्हणजे एकतर तो मोकळा, नाहीतर ओरॅन दोषी.”

“आज तरी असंच.”

 मी डर्व्हलाला म्हणाले, “थांब. सूड घ्यायला वेळ असतो.” मला त्याला तुरुंगात पाहायचे होते, अजूनही पाहायचे आहे.

“तुम्हाला वेळ आहे, बाई,” ती म्हणाली. “फर्गलकाकांना नाही. रोज सकाळी उठून ते शटरपर्यंत जातात आणि परत येतात. त्यांना वाटतं, पोराला आपण कडी आणि गोळा यातला फरक शिकवला नाही. मी सांगितलं, पण मी काय, मी त्याची बायको होणार होते, मी तसं म्हणणारच. या माणसाच्या तोंडून ऐकू दे त्यांना.” मग वकीलबाईंना म्हणाली, “बोलू दे त्याला. लीट्रिमचा फोन चालू ठेवा मात्र.”

संरक्षणाचा कागद लायलने दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. वकीलबाईंनी सतरा क्रमांकाचे छायाचित्र त्याच्यापुढे धरून विचारले, हे टोक कोणी अडकवले. तो छायाचित्राकडे न पाहता बोलला. नोंदीत आहे ते असे:

“मीच अडकवलं. फॉर्मवरची सही पण मीच केली, नंतर. गोळा तुटतो हे मला माहीत होतं. आदल्या वर्षी एक तुटून शेडच्या पत्र्यातून आरपार गेला होता. पोरगं नको म्हणालं, दोनदा म्हणालं, बापाने शिकवलंय म्हणालं. त्याचं बरोबर होतं. दोनदा ओढून गाडी निघाली नाही, आणि तो आतून मला हात करायला लागला, थांबा म्हणून. माझ्या शेतात मला थांबा म्हणतो. म्हटलं, आज याची जिरवायचीच. म्हणून मागे गेलो आणि पूर्ण दाबला.”