पाण्याच्या दिवशीचा गोंगाट

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. अम्मानमध्ये गळती शोधणाऱ्या एका पथकाच्या कपाटात पडून असतो आणि मनातून फार वैतागलेला असतो. जमिनीला टेकवलेल्या माइकातून आवाज माझ्यात येतो. मी त्यातला गोंगाट गाळतो आणि फुटलेल्या नळाची सुरसुर इंजिनीअरच्या कानापर्यंत पोहोचवतो.

माझा स्वभाव सरळ आहे. दोन आवाज एकदम आले, तर प्रत्येकाचं वेगळं जे केलं असतं, त्याचीच बेरीज मी देतो. आज जे करतो, तेच उद्या करतो. रुसवे-फुगवे मला माहीत नाहीत. माझी अट एकच. ज्या गोंगाटावर मला बेतलं, त्याचा स्वभाव बदलू नये. क्षणाक्षणाला तो वरखाली होईना का! पण त्याची सरासरी तीच राहावी, आणि एका क्षणाचं पुढच्या क्षणाशी नातं सकाळी जे असेल, तेच दुपारी असावं. एवढंच मागणं, पण तेही कुणी ऐकेना!

रवान या तरुण इंजिनीअरने मला बेतलं ते शुक्रवारी दुपारी, गल्ली जेवून निजलेली असताना. आणि नेलं कधी? पाण्याच्या दिवशी! अश्रफिया वस्तीच्या चढावर नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं. नळ भरला तरच गळती सुरसुरणार, हे मलाही कळतं. पण तेव्हाच घरोघरचे पंप टाक्या भरायला लागतात. एक थांबतो, दोन सुरू होतात. मी काय कपाळ गाळणार? पंपाची घरघर गळती म्हणून पुढे केली. दोनदा रस्ता खोदला, दोन्हीदा कोरडी माती निघाली.

इकडे त्याच गल्लीतल्या उम्म हाजिमच्या तळघराची भिंत पाझरत होती आणि गच्चीवरची टाकी भरत नव्हती.

"अगं पोरी, हा डबा आहे की थट्टा?" ती कडाडली. "सून बाळ घेऊन घरी येतेय. तिला काय टँकरच्या रांगेत उभी करू?"

"खाला, डब्याचं काही चुकलं नाही, माझंच चुकलं," रवान म्हणाली. "निजलेल्या गल्लीवर बेतला आणि जाग्या गल्लीत आणला. जरा वेळ सगळे पंप बंद करायला सांगा ना."

"पाण्याच्या दिवशी?" शेजारचा अबू लैस खिडकीतून हसला. "त्यापेक्षा श्वास बंद करायला सांग!"

"बंद कर मुकाट्याने," उम्म हाजिम ओरडली, "नाहीतर माझ्या हातचा मक्लूबा भात विसर!"

एकेक पंप थांबला. एक घरघर मात्र हटेना. रवान तिचा माग काढत गेली, तर ती उम्म हाजिमच्याच जिन्याखाली, जुन्या गादीआड निघाली.

"म्हटलं, बाळाची दुपटी धुण्यापुरतं तरी पाणी..." उम्म हाजिम पुटपुटली आणि तिने पंप बंद केला.

मग गल्ली पुन्हा शुक्रवारसारखी झाली आणि मला ती बारीक सुरसुर सापडली, लिंबाच्या झाडाखाली. नळ जोडला गेला, टाकी काठोकाठ भरली, बाळाला न्हाऊ घातलं. रवानला मक्लूबाचं भरलं ताट मिळालं. मला पुन्हा कपाट मिळालं. पहिल्या खोदकामानंतर माझ्यावर 'बिघडलेला' अशी चिठ्ठी डकवली होती, ती अजून तशीच आहे!

मित्रांनो, माझा एखादा भाऊबंद तुमच्या हाती आला, तर त्याला नावं ठेवण्याआधी एवढं विचारा, की तो कुठल्या गोंगाटावर बेतलेला आहे. आणि कधी या कपाटाशी आलात, तर तेवढी चिठ्ठी काढा.