मीटर खोटं बोलत नाही

रीडिंगसाहेबांनी एकतीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून विजेचे मीटर वाचले, आणि एकतीस वर्षांत एकही आकडा चुकवला नाही. हे ते स्वतःच सांगत, त्यामुळे गल्लीत कुणाला माहीत नाही असं नव्हतं. जिन्याखाली काळोख असो की काचेवर जळमटं, चार पायऱ्या लांबून मान तिरकी करून ते आकडा सांगत. "तुमचा मीटर खराब आहे हो," असं रोज कुणी ना कुणी म्हणेच. त्यावर साहेबांचं उत्तर ठरलेलं असे, "मीटर खोटं बोलत नाही. घरात बघा." निवृत्तीच्या दिवशी ऑफिसनं त्यांना घड्याळ दिलं आणि गल्लीनं 'रीडिंगसाहेब' हे नाव. दोन्ही ते मिरवत.

अशा माणसाच्या घरी महिन्याची वीज एकशे चाळीस युनिटवरून दोनशे तीसवर गेली. एकदा नाही, सलग तीन महिने. बाहेर कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

संशयित शोधायला लांब जावं लागलं नाही. तीन महिन्यांपूर्वीच बायकोनं ओव्हन घेतला होता. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी तिनं पहिल्यांदा स्वतःचं असं काही सुरू केलं होतं. आठवड्यातून तीनदा बिस्किटं भाजायची आणि जवळच्या हॉस्पिटलच्या कँटीनला द्यायची. कँटीनवाला आणखी मागत होता. ओव्हनसाठी नवा बोर्ड साहेबांनीच बसवला, आणि पेचकस हातात आहेच तर म्हणून न्हाणीघराबाहेरचं गीझरचं जुनं बटणही बदलून टाकलं. तेव्हापासून बटण दाबायचा अवकाश, पाणी कढत. "याला म्हणतात हाताचा गुण," ते आंघोळ करून आले की रोज म्हणत.

"ओव्हन बंद करावा लागेल," एका सकाळी त्यांनी निकाल दिला.

बायको लोणी मोजत होती. तिचा हात थांबला. "किती वीज खातो तो?"

"खूप."

"खूप म्हणजे किती? आकडा सांगा ना. तुम्ही रीडिंगसाहेब."

इथंच घोडं पेंड खात होतं. साहेबांनी जन्मभर प्रत्येक मीटरचं तोंड महिन्यातून एकदाच पाहिलं होतं. आकडा टिपायचा आणि पुढचं दार गाठायचं. एकच मीटर एका दिवसात दोनदा वाचायची वेळच आली नव्हती, आणि स्वतःच्या घरचा तर दुसराच कुणी वाचून जाई. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"नाही ना माहीत?" ती म्हणाली. "मग मी बघते. तोवर ओव्हनला हात लावायचा नाही."

त्या दिवसापासून ती घाणा लावण्याआधी एकदा आणि ओव्हन बंद केल्यावर एकदा अंगणातल्या मीटरपाशी जाऊन येऊ लागली. मैद्याच्या पिशवीचा कागद, कानावर पेन्सिल, कपाळावरचा चष्मा नाकावर. साहेब खिडकीतून बघत आणि पेपर वाचत असल्याचं सोंग करत.

दोन आठवड्यांनी तिनं कागद त्यांच्यापुढे ठेवला. "सहा घाणे झाले. फ्रिज, पंखा सगळं धरून एका घाण्याला दोन युनिट. महिन्याला तेरा घाणे म्हणजे सव्वीस. वाढलेत नव्वद. उरलेले चौसष्ट कुणाच्या पोटात गेले? तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालाय."

साहेबांनी कागद उलटसुलट केला. अंकाखाली अंक, तारीख डावीकडे, खाडाखोड नाही. अशी नीट नोंद त्यांच्या ऑफिसातल्या एकाही माणसानं लिहिली नव्हती. पण मान्य कोण करणार!

"सगळं घर बंद करून बघू," ते गुरगुरले. "काही बाकी उरलं असेल तर लगेच कळेल."

दुपारी ते घरभर फिरले. दिवे, पंखे, फ्रिज, पंप, गीझर, एकेक बटण त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केलं. मग दोघं मीटरसमोर उभी राहिली. वीज ओढली जात असली की मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकतो, वापर जास्त तितकी त्याची घाई जास्त. आता ठिपका गप्प होता.

"बघ. म्हणजे ओव्हनच," साहेब म्हणाले.

"जरा थांबा."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. साहेब आत जायला वळले आणि ठिपका लुकलुकायला लागला, तोही मागे कुत्रं लागल्यासारखा. घरात एक वस्तू चालू नाही आणि मीटर पळतोय!

"मीटर खराब आहे," ते म्हणाले.

शब्द तोंडातून गेले आणि मग त्यांना ऐकू आले. बायको हसली असती तर परवडलं असतं. ती हसली नाही.

"मीटर खोटं बोलत नाही," ती शांतपणे म्हणाली. "मी घरात बघते. तुम्ही ठिपक्यावरून नजर हलवू नका."

चालू वस्तू ऊब धरते, हे भट्टीशी संसार मांडलेल्या बाईला कुणी शिकवायला नको. ती प्रत्येक वस्तूला हात लावत गेली. थोड्या वेळानं न्हाणीघराकडून हाक आली, "अहो, आता?"

"थांबला!"

"आता?"

"सुरू झाला!"

"आणि आता?"

"थांबला! अगं, काय बंद केलंस?"

ती दारात येऊन उभी राहिली. "बंद नाही केलं. गीझर चालू केला."

साहेबांना समजायला क्षणभर लागला. नवं बटण त्यांनी उलटं बसवलं होतं. तीन महिने ते आंघोळीपुरता गीझर बंद करत होते आणि आंघोळ झाली की दिवसभर चालू ठेवत होते. गीझरवरचा दिवा कधीचाच गेलेला, सांगणार कोण? पाणी तापलं की गीझर आपोआप थांबायचा आणि निवलं की पुन्हा वीज ओढायचा, म्हणूनच ठिपका आधी गप्प होता. पाणी तेवीस तास तापायचं आणि हे हाताचा गुण म्हणून पाठ थोपटून घ्यायचे.

"मग," तिनं विचारलं, "घाणा लावू का?"

"लाव," साहेब म्हणाले. "दोन लाव."

त्यांना लाज वाटली, हसूही आलं. पण या दोन्हींवर मात करून छातीत काहीतरी भरून आलं. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना "घरात बघा" सांगितलं होतं, आणि खरोखर घरात बघणारं माणूस त्यांच्याच घरात निघालं होतं. निवृत्तीच्या घड्याळानंसुद्धा त्यांना इतकं मोठं वाटलं नव्हतं.

बटण त्यांनी लगेच सरळ केलं. बायकोनं मीटरपाशी उभं राहून ते तपासून घेतलं.

पुढचा पूर्ण महिना सरला आणि रीडिंग घ्यायला दर महिन्याला येणारी मुलगी आली. तिच्या आधी लांबूनच आकडा सांगून तिला खिजवायचं, हा साहेबांचा नेहमीचा खेळ. ती मीटरकडे पाठ करून हसत उभी राहिली. "सांगा काका."

साहेब बाजूला सरले आणि घरात तोंड करून, तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "रीडिंगसाहेब! जरा बाहेर या!"

बायको मैद्याच्या हातांनी बाहेर आली. काय चाललंय ते तिला कळलं. तिनं मीटरकडे न बघता आकडा सांगितला. "वाढलेल्या बिलापेक्षा त्रेसष्ट युनिट कमी," ती म्हणाली. "ओव्हन धरून."

मुलीनं वळून काचेत पाहिलं. आकडा शेवटच्या अंकापर्यंत बरोबर होता. साहेबांनी मात्र मीटरकडे पाहिलंच नाही. शेजारच्या खिडक्यांत कोणकोण ऐकतंय, ते बघण्यात ते गुंतले होते.