झुयासाठी ठेवलेला कोट

निघायची वेळ झाली तरी नादालिनाचं मन होत नव्हतं. उत्तरेच्या वाऱ्यानं रात्रभर छपरावरचे दगड हलवले होते, आणि सासरे मात्र दारात बसून निवांतपणे बुटांना चरबी चोळत होते.

"बाबा, आज नको ना. वर धुकं उतरलंय."

"सशाला कुणी सांगितलंय का तसं?" बेपो म्हणाले. "कुत्री आठवडाभर बांधून आहेत. आणखी ठेवली तर तुझ्या सासूलाच धरतील."

"धरून काय मिळणार, नुसती हाडं," फुमे आतून म्हणाली. मग सुनेला चुलीपाशी बोलावून तिनं आवाज खाली केला. "मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियातून उठलेला माणूस आहे. माझं कधी ऐकलंय त्यानं? तू सोबत जा. झोराला मी बघते."

नवरा जहाजावर होता. दुसरं कोण जाणार? सहा महिन्यांच्या झोराला पोटभर पाजून नादालिना निघाली, तरी फाटकापर्यंत तिनं दोनदा मागं वळून पाहिलं.

पठारावर दगडी बांधाच्या टोकाला, जुनिपरच्या झुडपापाशी, बेपोंनी कुत्री सोडली. लोवो आणि झुया. थोड्याच वेळात झुयाचा बारीक, लांबलचक आवाज उठला, त्याच्यामागे लोवोचा जाड. "लागली मागावर," बेपो म्हणाले, आणि त्यांचा चेहरा तरुण झाला. आवाज टेकाडाकडे गेला, टेकाडापलीकडे गेला आणि धुक्यानं गिळला.

मग बर्फ सुरू झाला, वाळूसारखा कोरडा, आडवा. बेपोंनी कुत्र्यांना बोलवायचं शिंग फुंकलं. थांबून ऐकलं. पुन्हा फुंकलं. वाऱ्याशिवाय काही नाही. नादालिनाला सारखी त्या विवरांची आठवण येत होती. या पठारावर बांध सोडून चार पावलं गेलं की जमिनीला विहिरीसारखी तोंडं फुटलेली असतात, आणि आज ती सगळी पांढरी झाली असणार.

बेपो अंगातला लोकरीचा कोट काढू लागले.

"बाबा, हे काय?"

"काय म्हणजे? परत येऊन कुत्र्यांनी काय बघायचं? रिकामी जागा?"

सोडल्या जागी मालकाचा कोट ठेवायचा आणि घरी जायचं. चुकलेलं कुत्रं तिथं येतं आणि सकाळपर्यंत त्यावर बसून राहतं. हे तिलाही लहानपणापासून माहीत होतं. पण अशा हवेत?

"माझं जाकीट ठेवा."

"तुझ्या जाकिटाला दुधाचा वास येतो, पोरी. गावातली मांजरं जमतील."

ते हसले, कोट झुडपाखाली नीट पसरला आणि नुसत्या स्वेटरवर उतरू लागले. ती मागून बोलत राहिली, ते ऐकत नव्हते. निम्मी वाट होते न होते तोच त्यांचे पाय अडखळायला लागले. आधी ते कुडकुडत होते. मग कुडकुडणं थांबलं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"उकडतंय," ते म्हणाले आणि बांधाला टेकून खाली बसले. बोटं स्वेटरची बटणं शोधत होती.

कॉलेजात वाचलेलं तिला आठवलं. थंडीनं शरीर हरायला लागलं की उकडतं. तिनं त्यांना उठवायचा प्रयत्न केला, ते हलले नाहीत. आपलं जाकीट काढून त्यांना घालू पाहिलं, ते खांद्यापाशीच अडकलं. तेच पुढून पांघरलं, त्यांच्या डोक्याला आपली शाल गुंडाळली. गाव अजून लांब होतं. कोट त्यापेक्षा जवळ होता.

"बाबा, माझ्याकडे बघा. मी येईपर्यंत शिंग फुंकत राहायचं. झोपायचं नाही."

"कुत्र्यांसाठी?"

"हो, कुत्र्यांसाठी."

बांधावरून हात न काढता ती वर धावली. छाती दुधानं दगडासारखी झाली होती. म्हणजे झोरा उठली असेल, रडत असेल. मागून शिंग वाजत होतं. एकदा. परत एकदा, जरा हळू. तोवर ठीक आहे, ती स्वतःला सांगत होती, वाजतंय तोवर ठीक आहे.

झुडपाखाली कोटावर लोवो बसला होता.

"लोवो, अरे, मी." तिनं हात पुढे केला. त्यानं दात दाखवले. तिच्या हातून रोज पाव खाणारा, झोराचे पाय चाटणारा कुत्रा. आता त्याला कुणी ओळखीचं नव्हतं, फक्त कोट होता.

खालून शिंग थांबलं.

तिनं कान दिला. वारा. अजून वारा. मग तिनं खाली वाकून कोटाची बाही धरली आणि ओढली. दात मनगटाच्या वर घुसले. ती ओरडली, पण बाही सोडली नाही. ओढत राहिली. शेवटी कुत्र्याखालून कोट सुटला, आणि लोवो गोंधळून तिच्यामागे, मग तिच्यापुढे, बांधाच्या कडेनं खाली पळाला.

ती पोहोचली तेव्हा तो बेपोंचं तोंड चाटत होता. शिंग बर्फात पडलं होतं. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते. तिनं गालावर चापट मारली, सासऱ्यांच्या गालावर, जोरात. आणखी एक. डोळे उघडले.

कुत्र्याच्या अंगानं ऊबदार झालेला कोट तिनं त्यांना चढवला, सगळी बटणं लावली. लोवोला त्यांच्या मांडीवर दाबून धरलं आणि त्यांचे हात चोळत बसली. बऱ्याच वेळानं ते पुन्हा कुडकुडायला लागले, तेव्हा तिला रडू आलं.

"का उचललास?" ते पुटपुटले. "झुया यायची आहे."

"तिला घर माहीत आहे."

"घरी येत नाहीत ती. कोटापाशी येतात."

त्यांच्या काखेत खांदा घालून तिनं त्यांना उभं केलं. लोवोचा पट्टा चांगल्या हाताला गुंडाळला. एकेक पाऊल टाकत ते उतरू लागले. उजेड कमी होत चालला होता.

गावाच्या वरच्या वळणावर लोवो एकाएकी थांबला. मान मागं, कान ताठ. नादालिनानंही ऐकलं. लांब वर, झुडपाच्या बाजूला, एक बारीक, लांबलचक आवाज. एकाच जागेवरून. थांबून पुन्हा.

बेपोंनी शालीत गुंडाळलेलं डोकं वळवलं.

"काय ऐकलं गं त्यानं?"

"काही नाही, बाबा," ती म्हणाली. "वारा आहे." आणि तिनं पट्टा ओढला.