श्रावणात लसणाची पाकिटं

चूक माझीच. आधीच सांगून टाकते, म्हणजे मग कुणी तोंड वर करून विचारायला नको.

मी शरदिनी. काशीच्या दुर्गाघाटावर जन्मले, तिथेच केस पिकले, आणि गेली सहा वर्षं पाद्र्यांच्या शाळेत स्वयंपाक करते. पहिल्या दिवशी घरच्यांनी नाकं मुरडली. मी म्हटलं, मुरडा, पगार आला की सरळ होतील. झालीही.

संस्था विलायतेची. खेड्यापाड्यांतली मुलंमुली इथे चर्च चालवायला शिकतात, आणि विलायतेहून मदत येते तीही त्यांच्याच हातून वाटली जाते. तीच त्यांची परीक्षा. वासुदेव सर, आमचे मुख्य, मूळचे नगरचे. ते म्हणतात, "प्रवचन काय, कुणीही ठोकेल. अडचणीतल्या परक्या माणसांत आठ दिवस काढून दाखवा." परक्या म्हणजे चर्चशी काडीचा संबंध नसलेल्या. मग विलायतेच्या बाई येतात आणि त्याच माणसांना विचारून निकाल लावतात.

यंदा पाळी होती निवेदिताची. मुगलसरायच्या रेल्वेत नोकरीला आलेल्या सोलापूरकराची पोर. चुनारजवळ तिची वीस ख्रिस्ती घरांची मंडळी, म्हणजे एका चर्चची माणसं. तिथले पाळक, म्हणजे पाद्री, वारले, तेव्हापासून ती माणसं हिचीच वाट बघत होती. पास झाली तर ही जाणार, नापास झाली तर दुसरा कुणी. आणि प्रवचनात आधीच काठावर! आवाज असा, की पहिल्या बाकावरच्यालाही कान टवकारावे लागत.

गंगा यंदा लवकर चढली. पंचगंगा घाटाजवळच्या नावाड्यांची घरं पाण्यात गेली आणि चाळीस कुटुंबं वर घाटावरच्या पालिकेच्या शाळेत येऊन राहिली. विलायतेची पाकिटं तयारच होती. गरम पाणी ओतलं की भात, लसणाची फोडणी दिलेला. निवेदिता माझ्याकडे आली.

"मावशी, श्रावण कधी लागतो हो? लसूण चालेल ना त्यांना?"

मी पुऱ्या तळत होते. भिंतीवरच्या आमच्या मराठी कॅलेंडरकडे मान वळवली आणि ठणकावलं, "दहा दिवस आहेत अजून. जा, वाट खुशाल."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! अगं, आमचा श्रावण अमावास्येनंतर, पण इकडच्या लोकांचा सावन पौर्णिमेनंतर, पंधरा दिवस आधीच लागतो. साठ वर्षं काशीत काढली, गल्लीत सावनात गंगाजळ नेणाऱ्या कावडवाल्यांचा बम-बम ऐकू येत होता, आणि मी बाई कॅलेंडर वाचत बसले!

दुपारी निवेदिता परत आली ती रडवेली होऊन. पाकिटं तशीच पडली होती. पोरंबाळं उपाशी, पण सावनात लसूण कोण तोंडात घालणार? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"थांब, मीच येते. दोन शब्द सुनावते त्यांना. आपद्धर्म म्हणून काही असतं की नाही!"

"नको मावशी," ती म्हणाली. "चूक आपली आहे. मी त्यांनाच विचारते काय करायचं ते."

मी तरी मागोमाग गेलेच. शाळेच्या पायरीवर कालिंदी बसली होती. नावाड्याची बायको, दणकट, माझ्यासारखीच तिखट जिभेची. निवेदिता तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि आपल्या त्या मांजरीसारख्या आवाजात म्हणाली, "चाची, गलती हो गई. अब का करें?"

कालिंदीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "कच्चा चावल-दाल दे द. चूल्हा हम लोग जला लेंगे."

कच्चा तांदूळ होता कुठे? माझ्या कोठारात! विद्यार्थ्यांचा महिन्याचा शिधा. मी किल्ल्या काढून निवेदिताच्या हातात दिल्या. "घे. माझ्या जिभेचा दंड समज." संध्याकाळपर्यंत घाटावरच्या शाळेत तीन चुली पेटल्या, आणि आमच्या तीस विद्यार्थ्यांपुढे विलायती पाकिटं फोडली गेली. पुढे आठ दिवस ती पोरं लसणाचे ढेकर देत बायबल वाचत होती. हसून हसून माझं पोट दुखायचं.

तिकडे रोज जत्रा! कालिंदी पळी घेऊन उभी, बाया तांदूळ निवडतायत, गाणी म्हणतायत, म्हातारे पंगती वाढतायत. निवेदिता दिसली तर भांडी घासताना दिसायची. मी चिडायचे. "अगं, पुढे हो! परीक्षा तुझी आहे, त्या कालिंदीची नव्हे." ती आपली हसायची.

नवव्या दिवशी विलायतेच्या बाई आल्या. पाकिटं कुणी खाल्ली हे ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, वासुदेव सरांनी हिंदीत सांगितला, "इथलं सगळं कुणी चालवलं?"

"कालिंदी!" चाळीस घरांनी एका सुरात सांगितलं.

निवेदिताचं नाव एकाही तोंडातून नाही! तिने मान खाली घातली. मी उसळले. "अरे, खाल्ल्या मिठाला तरी जागा! या पोरीने..." वासुदेव सरांनी मला हाताने थांबवलं.

बाईंनी कालिंदीला विचारलं, "मग ही मुलगी काय करत होती?"

"ई बिटिया?" कालिंदीने पळी खाली ठेवली. "ई त रोज आ के पूछती थी, चाची, अब का करें? सरकारी आए, सेठ आए, सब बता के गए. हमसे पूछा किसी ने नहीं. बस ईहे पूछी."

आम्हाला विचारलं ते हिनेच, असं म्हणताना त्या दणकट बाईचा आवाज कापला. बाईंनी सरांकडून ते दोनदा समजून घेतलं. मग निवेदितासमोर आल्या, तिचे राखेने माखलेले हात हातात घेतले आणि मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "चुनार कब जाओगी?"

मी पोरीला अशी कवटाळली की बिचारी गुदमरली असेल. रडतच ती कालिंदीकडे वळली आणि म्हणाली, "चाची, अब का करें?"

"अब जा," कालिंदी डोळे पुसत म्हणाली. "हम सँभाल लेंगे."